घंटा न वाजता मागे आलेली बोट

४ नोव्हेंबर

प्रिय ढगोबा,

आशीर्वाद घे आणि सावरून बस, कारण तुझ्या बहिणीला सरकारने बोलावून खुर्ची दिली आहे. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वतीने मला एका समितीवर घेतलंय. सात माणसं, एक लांबलचक टेबल आणि प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास, जो कुणी पीत नाही. जन्मभर नर्स म्हणून वॉर्डात उभं राहून काम केलं, आता बसून करायचंय. बसून जास्त दमायला होतं.

विषय तुझ्याच कामाचा आहे. सरकारी बोटी, बस, क्रेन, जिथे एकाच्या हातात अनेकांचा जीव असतो, तिथल्या माणसांची नशेची चाचणी करायची. आधी न सांगता. डब्यातून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याने त्याच दिवशी बाटलीत लघवी द्यायची. हा पहिला ठराव. दुसरा कडक आहे. जो सापडेल त्याची नोकरी तर जाईलच, पण पेन्शनही जाईल, मग नोकरी कितीही वर्षांची असो.

मला दोन्ही पटतात. पण तू इतकी वर्षं नदीवर सुकाणू धरतोयस, तुला विचारल्याशिवाय हात वर करणं बरं वाटेना. फोनवर तू नुसता हं हं करतोस, कागदावर मात्र बोलतोस, म्हणून कागद पाठवते आहे. पाठ कशी आहे? मागच्या हिवाळ्यात तुला जिना चढवत नव्हता.

तुझी ताई

१५ नोव्हेंबर

ताई,

वाकून नमस्कार. खरोखर वाकून, कारण पाठ आहे हेच मी हल्ली विसरलोय.

इथे धुकं सुरू झालंय. सकाळची पहिली फेरी सुटते तेव्हा समोरचा काठ नसतोच. मी घंटा वाजवतो, खाली इंजिनवाला इंजिन चालू करतो आणि आम्ही नसलेल्या काठाकडे निघतो. नदीच्या मध्यावर आलं की मागचा काठही जातो. मग बोट चालल्यासारखी वाटत नाही, नदीच आपल्याखालून कुणीतरी हळूच ओढून घेतंय असं वाटतं. प्रवासी बोलायचे थांबतात. शाळेतल्या बाई, तो हत्यारांची पेटी घेऊन जाणारा न्हावी, सगळे कसे झोपेतल्या मुलांसारखे दिसतात. मला अशा वेळी सगळ्यांची फार माया येते. पूर्वी येत नव्हती. पूर्वी मी त्यांना नुसतं पलीकडे नेऊन सोडायचो.

बाटलीचं ऐकून इंजिनवाला पोट धरून हसला. म्हणाला, सरकारने आजवर आपल्याकडून सगळं घेतलं, एवढंच राहिलं होतं. तुला ठाऊक आहे ना आमचं कसं चालतं? त्याला खालून नदी दिसत नाही. मी वरून एक टोला दिला की पुढे, दोन दिले की थांब, तीन दिले की मागे. टोल्याशिवाय तो इंजिनाला हात लावत नाही. धक्क्यावरचे लोक म्हणतात, तुमच्या दोघांचं लग्न लावून द्यायला हवं, एकच जण बोलतो म्हणून भांडण होत नाही.

आता तुझे ठराव. चाचणी घ्या बापडे. पण पेन्शनला हात लावू नका. पेन्शन म्हणजे काय बक्षीस आहे का? तो आमचाच पगार आहे, उशिरा हातात येणारा. एखादा म्हातारपणी चुकला, तर त्याआधीच्या सगळ्या फेऱ्या वाया गेल्या का? ती माणसं पलीकडे पोचली नव्हती का? माझंच बघ. उन्हाळ्यात निवृत्त झालो की ही सरकारी खोली सोडायची. बायको नाही, मूल नाही, जमीन नाही. आहे ती पेन्शन.

बाकी ठीक. जेवण जरा कमी झालंय आणि नाक सारखं खाजतं. माझी एवढी काळजी करू नकोस.

तुझा ढगोबा

२४ नोव्हेंबर

प्रिय ढगोबा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचे भाऊ बोट चालवतात की कविता करतात? मी म्हटलं, लहानपणापासून असाच आहे. आई दूध आणायला पाठवायची आणि हा ढगात हत्ती बघत चौकात उभा. दूध घरी यायचं, हा यायचा नाही. कुणीतरी दोघांना आणून सोडायचं. म्हणून तर ढगोबा.

पण पेन्शनचं जे लिहिलंस ते टोचलं, आणि का टोचलं ते सांगते. मी नवीन होते तेव्हा बसखाली आलेल्या एका माणसाला आणलं होतं. डॉक्टर येईपर्यंत मी त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून बसले होते. पाय गेलाच. बसचा चालक नशेत होता. त्याची चौकशी झाली, नोकरी गेली, पण पेन्शन राहिली. मी निवृत्त झाले तर पेन्शन घ्यायला तो माझ्याच खिडकीपाशी, माझ्याच रांगेत. नीट भांग पाडलेला, हातात छत्री. दर महिन्याला मी त्याच्या मागे किंवा पुढे उभी असते. आजवर एक शब्द बोललेले नाही. तू म्हणतोस उशिरा मिळालेला पगार. मला वाटतं पेन्शन हा विश्वासाचा पैसा आहे. विश्वास मोडला की कशाचा पैसा?

समितीत आमच्यात सारखी ओढाताण आहे. एक डॉक्टर आहेत, ते फार कमी बोलतात आणि पेन्सिलने कागदावर झाडं काढत बसतात. ते चाचणीच्या बाजूने आहेत, पेन्शन कापायच्या विरुद्ध. मला ते पटत नाहीत, पण माणूस बरा वाटतो.

नीट जेव. नाक खाजतंय तर उशीचा अभ्रा बदल.

तुझी ताई

९ डिसेंबर

ताई,

अभ्रा बदलला. फार फरक नाही, पण नवीन अभ्र्यावर झोप मात्र अशी येते की झोपलोय की जागा आहे हेच कळत नाही.

तुला एक सांगायचं होतं. परवा सकाळच्या फेरीला आई दिसली. नदीच्या वळणावर, जिथे गवताचं बेट आहे ना, तिथे काठावर उभी होती. तीच करड्या रंगाची पिशवी. बोट थांबवायला लोक करतात तसा हात केला होता तिने, अगदी संकोचून, म्हणजे थांबलात तर बरं, नाही थांबलात तरी चालेल. तुला आठवतं ना, ती दुकानदारालासुद्धा तशीच हाक मारायची. मी बोट तिच्याकडे वळवली. गवत बाजूला होत गेलं, पाणी काचेसारखं झालं, आणि मला वाटलं, आता ही चढेल, माझ्याशेजारी उभी राहील आणि म्हणेल, किती वेळ लावलास.

तेवढ्यात बोट मागे गेली. मी घंटा वाजवली नव्हती. एकही टोला नाही. इंजिनवाल्यानेच आपल्या मनाने मागे घेतली. इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नाही. प्रवासी जरा धडपडले, न्हाव्याची पेटी सांडली, मग सगळे हसले. मी वळून पाहिलं तर आई गेली होती. मला इंजिनवाल्याचा राग आला, पण तो वर आला, माझ्याकडे बघत राहिला आणि चहा देऊन गेला. काय झालंय त्याला कोण जाणे.

सहज एक विचारतो. कुणी दुखण्यावर थेंब घेत असेल, डॉक्टरांनी दिलेले, तर तीही तुमच्या हिशेबी नशाच का? इंजिनवाल्याला गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून विचारलं.

तुझा ढगोबा

१६ डिसेंबर

प्रिय ढगोबा,

आईचं वाचून डोळे भरले, जाऊन इतकी वर्षं झाली तिला. तिला बोटीत घ्यायला वळणं हे फक्त तुलाच सुचू शकतं. मलाही ती कधीकधी दिसते, पण मला दिसते त्या आईला स्वयंपाकघराबाहेर यायला फुरसत नसते.

पण दुसऱ्या गोष्टीने माझी झोप उडवली आहे. तू भोळा आहेस, म्हणून स्पष्ट लिहिते. घंटा न वाजता बोट मागे घेणारा माणूस शुद्धीवर नाही. गुडघ्याचे थेंब घेतो म्हणालास, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते अफूच्या जातीचे थेंब मी वर्षानुवर्षं रुग्णांना मोजून दिलेत. थोडे दिवस देव, जास्त दिवस राक्षस. हो, ती नशाच. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी कामावर कळवावं लागेल. त्याला सांग, स्वतःहून साहेबांकडे जा. तो गेला नाही तर तू जा. मैत्रीपायी गप्प बसलास तर एक दिवस सगळी बोट पाण्याखाली जाईल आणि तू काठावरच्या लोकांना तोंड दाखवू शकणार नाहीस.

गुरुवारी बैठक आहे. तुझं हे पत्र मी तिथे वाचून दाखवणार आहे, नाव न घेता. चाचणी कशाला हवी, हे याहून चांगलं कुणी सांगू शकणार नाही. एका बाजूला सुकाणू धरणारा असा प्रेमळ माणूस, आणि त्याच्या पायाखाली नशेत असलेला इंजिनवाला.

तुझी ताई

२० डिसेंबर

ढगोबा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

पत्र वाचलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. एकजण म्हणाले, असल्या इंजिनवाल्याला घरी बसवायला हवं. डॉक्टर झाड काढायचे थांबले होते. बैठक संपल्यावर मला त्यांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि विचारलं, "सिस्टर, हे पत्र लिहिणारा तुमचा कोण?" मी म्हटलं, ओळखीतला आहे. त्यांनी विचारलं, त्याचं जेवण कमी झालंय का. मी हो म्हटलं. अंग खाजतं का. मी म्हटलं, नाक. मग ते म्हणाले, "तो जे लिहितोय ती कल्पना नाही. त्याने बोट खरंच वळवली. घंटा न वाजता जो मागे आला, तोच एकटा त्या बोटीत शुद्धीवर होता."

जन्मभर मी उशाशी उभं राहून माणसांचे डोळे बघून ओळखलं, कुणी किती घेतलंय ते. आणि माझा सख्खा भाऊ पानंच्या पानं भरून मला सांगत होता आणि मी शेजारणीला कौतुकाने वाचून दाखवत होते. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पहिल्याच पत्राला कळलं असतं. तू लिहिलंस म्हणून मला ढग दिसले.

डॉक्टर भले आहेत. म्हणाले, मी आज काही ऐकलं नाही, पण पुढच्या बैठकीपर्यंत तो सुकाणूवर असेल तर मला ऐकावं लागेल. मतदान पुढच्या बैठकीत आहे. मी ठरवलंय, दोन्ही ठरावांच्या विरुद्ध हात वर करायचा. चूक आहे हे कळूनही करणार आहे. तुझी चिठ्ठी कुठल्या डब्यात पडायला नको.

मला खरं काय ते कळव. रागावणार नाही. रागवायला अंगात बळच नाही.

ताई

२ जानेवारी

ताई,

नमस्कार. या वेळी वाकून नाही, पाठ परत आली आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी धक्क्यावर बसून ते वाचलं आणि इंजिनवाल्याला वर बोलावलं. त्याला विचारलं, त्या दिवशी तू का मागे घेतलीस. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "बोट वळली ते मला खाली कळलं. मी घंटेची वाट बघितली. मग वर डोकावलो तर तू हसत होतास." एवढंच. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रोज जिन्यावर एक पाय ठेवून, अर्धा वर अर्धा खाली, काम करत होता. आणि मी तुला त्याच्याच गुडघ्यांचं नाव सांगितलं. त्याचे गुडघे ठणठणीत आहेत.

थेंब मागच्या हिवाळ्यात पाठीसाठी दिले होते, थोड्याच दिवसांचे. दुखणं गेलं, थेंब राहिले. तू विचारशील, सांगितलं का नाहीस. ताई, सगळं इतकं सुंदर झालं होतं. मी आयुष्यभर ज्या नदीवरून गेलो ती मला पहिल्यांदा दिसत होती. आणि भीतीही वाटायची. तू चिठ्ठ्यांच्या डब्याचं लिहिलंस तेव्हा खोटं कशाला बोलू, मला वाटलं, माझं नाव निघावं. आपल्या तोंडाने सांगवत नाही, कुणीतरी डब्यात हात घालून माझं नाव काढलं तर सुटेन.

शेवटी डब्याची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी साहेबांकडे गेलो. बाटली मीच मागितली. आता सुकाणूवर दुसरा आहे, आणि मी सरकारी दवाखान्यात येजा करतो. घाम येतो, झोप येत नाही, सगळं अंग ठणकतं. साहेब म्हणाले, चौकशी चालू होईल, आणि तुमच्या समितीने पेन्शनचा ठराव केला तर तो मलाही लागू होणार.

तरी एक ऐक. चाचणीच्या विरुद्ध हात वर करू नकोस. त्या बोटीत शाळेतल्या बाई होत्या. पेन्शनचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

तुझा भाऊ

१३ जानेवारी

प्रिय ढगोबा,

झालं ते सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

बैठक सुरू झाली आणि मी उभी राहिले. म्हटलं, मी मागच्या वेळी वाचलं ते पत्र माझ्या भावाचं आहे, नशेत तो होता, आणि तो आपणहून समोर आला आहे. मग अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, बाई, आता तुम्हाला या ठरावांवर मत देता येणार नाही, पण बोलायचं असेल तर बोला.

मी बोलले. मी त्यांना छत्रीवाल्या चालकाचं सांगितलं. म्हटलं, इतकी वर्षं मला वाटायचं याची पेन्शन काढून घ्यायला हवी. पण ती काढून घेतल्याने तो पाय परत आला नसता, फक्त रांगेतलं एक माणूस कमी झालं असतं. हे मला आधी कळायला हवं होतं. सख्खा भाऊ निघाला तेव्हा कळलं, याची मला लाज वाटते. आणि हेही म्हटलं की पेन्शन जाणार असेल तर कुणीही स्वतःहून समोर येणार नाही, सगळे आपलं नशीब चिठ्ठ्यांच्या डब्यावरच सोडतील, आणि बोटी तोवर चालूच राहतील.

चाचणीचा ठराव सगळ्यांनी मंजूर केला. दुसऱ्या ठरावाला मत द्यायला मी सोडून सहा उरले. तीन हात इकडे, तीन तिकडे. डॉक्टर आपल्या बाजूला होते. अशा वेळी अध्यक्षांचं जादा मत धरतात. ते समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले, आणि पेन्शन कापण्याच्या बाजूने बोलले. त्यांनी मला नंतर नमस्कार केला. मी केला नाही.

मी गप्प बसले असते तर पेन्शन वाचवणारा चौथा हात माझा होता. ढगोबा, तुझी पेन्शन मी खरं बोलून घालवली. त्या दिवसापासून मी रडते आणि परत विचार करते की पुन्हा तीच बैठक आली तर काय करेन. पुन्हा उभी राहीन.

आता ऐक, आणि यात वाद घालायचा नाही. खोली सोडायला सांगतील तेव्हा सामान घेऊन इकडे यायचं. मागच्या खोलीतली शिलाई मशीन मी बाहेर काढली आहे. माझी पेन्शन आहे, तेवढ्यात दोघांचं नीट भागतं. मी चोख हिशेब ठेवणारी बाई आहे, तुझ्यावर उपकार करते आहे असं समजू नकोस. मला एकटीने जेवायचा कंटाळा आला आहे.

तुझी ताई

२९ जानेवारी

ताई,

नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी नदीवर जाऊन आलो. प्रवासी म्हणून गेलो, तिकीट काढून. नव्या माणसाचा हात चांगला आहे. घंटा जरा घाईने वाजवतो, पण इंजिनवाला त्याला सांभाळून घेतो. गवताच्या बेटापाशी मी मुद्दाम पाहिलं. गवत होतं. वारा होता. एक बगळा होता, तो उडाला. मला वाटलं होतं वाईट वाटेल. पण ते सगळं इतकं साधं आणि आपल्या जागी होतं की मी ते बघतच राहिलो, आणि पलीकडे कधी पोचलो ते कळलंही नाही.

तू बरं केलंस. दुसरं काही म्हणायचं नाही. तू माझ्यासाठी खोटा हात वर केला असतास, तर मी तुझ्या घरी कुठल्या तोंडाने जेवलो असतो?

दवाखान्यातले म्हणतात, अवघड दिवस मागे पडले. काल जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं. रात्री झोप तुटत तुटत येते, पण उठलो की उठलेलो असतो. इंजिनवाला निरोप द्यायला बसपर्यंत येणार आहे. आम्ही काय बोलणार आहोत देव जाणे, आजवर आमच्यात टोल्यांशिवाय फारसं बोलणं झालेलं नाही. चौकशी आटोपली, खोली सोडायला सांगितलंय. सामान म्हणशील तर एक ट्रंक आणि एक वळकटी. गुरुवारच्या बसने निघतो, शुक्रवारी तुझ्या दारात असेन.

फक्त एका गोष्टीची हुरहुर लागली आहे. तुझ्या घरात राहायला आलो की तुला पत्र लिहिता येणार नाही. हे शेवटचंच. यापुढे मला जे काही दिसेल ते तुझ्यासमोर बसून, तोंडाने सांगावं लागेल. आणि मी सांगत असताना तू माझे डोळे बघशील, वॉर्डात बघायचीस तसे.

बघ. रोज बघ.

तुझा
ढगोबा